जुन्या गाडीची वॉरंटी : पन्नास हजार जास्त मोजावेत का?

नाशिकच्या एका वाचकांना २०२२ ची पेट्रोल, मॅन्युअल गिअरची मारुती स्विफ्ट घ्यायची आहे. ओळखीतले मूळ मालक ती ५ लाख १० हजारांना देत आहेत. तेवढीच चाललेली दुसरी स्विफ्ट डीलरकडे एका वर्षाच्या वॉरंटीसह ५ लाख ६० हजारांना आहे आणि पुढील दोन वर्षांच्या वॉरंटीसाठी तो आणखी २२,००० मागतो.

आपण विचारलेल्या पन्नास हजारांच्या फरकात केवळ वॉरंटी नाही; डीलरने करून घेतलेली डागडुजी, आरसीवर नाव चढवण्याचे काम, त्याचा नफा आणि त्या नफ्यावरील १८ टक्के जीएसटी हे सारे त्यात आले. वॉरंटीचे मोल ठरवायचे तर ती नेमका कोणता खर्च उचलणार, हे आधी पाहावे लागेल.

तिचे पत्रक मागून घ्या आणि काय वगळले आहे तो भाग आधी वाचा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, रबरी भाग अशा झिजणाऱ्या वस्तू बहुधा वगळलेल्याच असतात, आणि चार वर्षांच्या गाडीवर खर्च येतो तो मुख्यतः त्यांचाच. उरतात इंजिन आणि गिअरबॉक्स. तिथेही एका दाव्याला कमाल रक्कम किती, मजुरी धरली आहे का, आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये एकदा सर्व्हिसिंग केले तर वॉरंटी रद्द होते का, हे पत्रकातच शोधा. तोंडी "सगळं कव्हर आहे हो" याला काडीची किंमत नाही.

मालकांच्या गाडीवर कंपनीची वॉरंटी शिल्लक असण्याचीही शक्यता आहे. त्या काळी मारुतीची मूळ वॉरंटी दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तिथवर होती. (तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरची मुदत जुलै २०२४ मध्ये आली, डीलर ती सांगू लागला तर ती या गाडीला लागू नाही.) ही मुदत संपली असली, तरी मालकांनी वाढीव वॉरंटी घेतली होती का, ती अजून चालू आहे का आणि नव्या मालकाला मिळते का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर देऊन विचारा. सर्व्हिसिंगची नोंदही तिथेच पाहून घ्या.

माझा कल मालकांच्या गाडीकडे आहे, मात्र स्वतंत्र मेकॅनिकने ती लिफ्टवर चढवून तपासल्यानंतरच. वाचलेल्या पन्नास हजारांतील तीस हजार लिक्विड फंडात (गरज पडली की लवकर पैसे काढता येतात अशा म्युच्युअल फंडात) केवळ दुरुस्तीसाठी ठेवा. हे पैसे खर्च झाले नाहीत तर आपलेच राहतात. डीलरचे २२,००० मात्र गाडी बिघडली नाही तरी गेलेच. हीच गाडी ऑटोमॅटिक किंवा टर्बो डिझेल असती, तर एकच मोठा बिघाड हा राखीव निधी संपवू शकला असता आणि मग मी डीलरच्या पत्रकाचा अधिक गांभीर्याने विचार केला असता.