सभेत हिशेब विचारला तर माणसं दुखावतील का?

मार्चअखेरचे हिशेब तपासून झाले की सप्टेंबरपर्यंत कोल्हापुरात वार्षिक सभांचा हंगाम असतो. दूध संघ आणि कारखान्यांच्या सभांचा गाजावाजा होतो. छोट्या सेवाभावी संस्थांच्या सभा मात्र पंचवीस-तीस ओळखीच्या माणसांत उरकतात आणि तिथं तोंड उघडणं जास्त अवघड जातं.

समुपदेशनासाठी माझ्याकडं आलेल्या अशाच एका निवृत्त शिक्षिकेची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना बाईच म्हणायचे. अनामत घेऊन रुग्णांना खाट, वॉकर, व्हीलचेअर वापरायला देणाऱ्या संस्थेच्या त्या आजीव सभासद. ताळेबंदात देण्याच्या बाजूला अनामत दरवर्षी वाढत होती. त्यांचा अंदाज असा, की माणूस गेल्यावर खाट शेजारचे लोकच संस्थेत पोचवून येतात, पावती सापडत नाही आणि पैसे तिथंच राहतात. एवढंच विचारायचं होतं, पण झोप उडाली होती.

"ऑडिट झालंय की ओ मॅडम. मग मी कोण विचारणार? आणि आमच्या ह्यांच्या आजारपणात चिटणीस स्वतः टेम्पोतून खाट घेऊन रात्री दारात आले होते."

खरी गाठ इथं होती. जन्मभर वर्गात बोललेल्या बाईंना बोलण्याचं भय कसलं? त्यांना कृतघ्न ठरायचं नव्हतं. ही भावना खोटी नाही, म्हणून मी ती खोडायला गेले नाही. सार्वजनिक न्यासाचे हिशेब लेखापरीक्षक तपासतो, ते धर्मादाय कार्यालयात जातात. पण त्या आकड्यामागच्या घरांचं काय करायचं, हे सभासदांनीच ठरवायचं असतं.

मनातला प्रश्न कागदावर लिहा म्हटलं. पहिलं वाक्य आलं, "अनामतीचे पैसे परत का देत नाही?" वाचून त्या स्वतःच थबकल्या. खाडाखोड करत शेवटी उरलं ते असं: "परत न नेलेली अनामत किती आहे, आणि ती घरच्यांपर्यंत पोचवायला आपण काय करू शकतो?" 'तुम्ही' जाऊन 'आपण' आलं, तेव्हा त्यांचे खांदे सैल पडलेले मला दिसले.

हे पत्र सभेआधीच चिटणिसांना द्यायचं ठरलं. चारचौघांत कुणाला कोंडीत पकडायचं नव्हतं, आणि त्यांना आकडे काढायलाही वेळ हवा. दुसरं, बोलायचं ते ताळेबंदाच्या विषयालाच. 'मंजूर, मंजूर' झाल्यावर, आयत्या वेळच्या विषयांपर्यंत लोक चहाकडं वळलेले असतात. उभं राहून दोनदा वाचून घेतलं. आवाज कापला. कापू दे म्हटलं. श्वास सावकाश सोडायचा आणि वाक्य पुरं करायचं.

सभेत त्यांनी विचारलं. खजिनदारांकडं वेगळी यादीच नव्हती. ती करून घरोघरी फोन लावायचं ठरलं. चिटणीस मात्र चहाच्या वेळी बोलले नाहीत. बाईंना ते लागलं आणि पुढचं सत्र त्यावरच गेलं. प्रश्न रास्त असला तरी समोरच्याला बोचू शकतो, आणि त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. दिवाळीचा फराळ घेऊन त्या नेहमीसारख्या त्यांच्याकडं गेल्या, सभेचा विषय काढला नाही. दारातूनच "या बाई" आलं.

पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करण्याआधी हा ठराव त्यात आलाय का ते बघायचं, एवढं मी त्यांना वहीत लिहून घ्यायला लावलंय.