वाचकांचे प्रश्न : कंपनीचा शब्द आणि संघटनेची वर्गणी

प्रश्न : मी निवृत्त बँक कर्मचारी असून ऊर्जा कंपन्यांचे थोडे समभाग माझ्याकडे आहेत. परदेशी तेल कंपन्या तापमानवाढ रोखण्यासाठीच्या पॅरिस कराराला पाठिंबा जाहीर करतात आणि त्याच वेळी हवामानविषयक कायद्यांना विरोध करणाऱ्या संघटनांना पैसे देतात, असे वाचनात येते. कायद्याला हे चालते का? हे उघड करायला कंपनीला कोण भाग पाडते?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कायद्याला हे चालते, आणि खरी अडचण तिथेच आहे. अमेरिकेत 1995च्या लॉबिंग प्रकटीकरण कायद्यानुसार कंपन्यांना लॉबिंगवरचा, म्हणजे कायदे व धोरणे आपल्या बाजूने वळवण्यासाठी सरकारकडे केलेल्या प्रयत्नांवरचा, खर्च दर तीन महिन्यांनी जाहीर करावा लागतो. मात्र एखाद्या विधेयकाचे नाव त्या तक्त्यात आले, तरी कंपनीने त्याला पाठिंबा दिला की विरोध केला, हे त्यातून कळत नाही. शिवाय कंपनी उद्योग संघटनेला वर्गणी देते आणि पुढचे काम संघटना स्वतःच्या नावाने करते. त्यामुळे विरोध नेमका कोणाच्या पैशावर उभा राहिला, हे बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही. ही जुनीच वाट आहे. 1989 मध्ये स्थापन झालेल्या ‘ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन’ या उद्योगांच्या संघटनेने उत्सर्जनावरील बंधनांना वर्षानुवर्षे विरोध केला, आणि बीपी व शेल यांच्यासारख्या कंपन्या 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात बाहेर पडेपर्यंत तिच्या सदस्य होत्या.

ही गाठ सोडवायला सरकारांपेक्षा भागधारकांनी अधिक जोर लावला, असे माझे मत आहे. त्यांच्या दबावामुळे शेलने एप्रिल 2019 मध्ये आपण सदस्य असलेल्या 19 उद्योग संघटनांच्या हवामानविषयक भूमिका तपासून अहवाल प्रसिद्ध केला आणि तेलशुद्धीकरण कंपन्यांच्या एका अमेरिकी संघटनेचे सदस्यत्व सोडण्याचा निर्णय घेतला. आणखी नऊ संघटनांशी काही बाबतींत मतभेद असल्याचे तिने मान्य केले, तरी त्यांच्यात ती राहिली. जानेवारी 2021 मध्ये टोटल या फ्रेंच तेल कंपनीने ‘अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट’ ही तेल उद्योगाची संघटना सोडली. मिथेन या तापमान वाढवणाऱ्या वायूवरील नियम शिथिल करण्याला त्या संघटनेने दिलेला पाठिंबा, हे त्यामागचे एक कारण होते.

भागधारकांच्या मतदानाचे आकडेही बोलके आहेत. लॉबिंग आणि पॅरिस करार यांचा मेळ कसा बसतो याचा अहवाल मागणारा ठराव शेव्हरॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या सभेत मे 2020 मध्ये सुमारे 53 टक्के मतांनी, तर वर्षभरानंतर तसाच ठराव एक्सॉनमोबिलच्या सभेत सुमारे 64 टक्के मतांनी मंजूर झाला. दोन्ही ठिकाणी संचालक मंडळाचा विरोध होता. असे ठराव बंधनकारक नसतात, पण निम्म्याहून अधिक मालकांनी मागितलेली माहिती नाकारणे मंडळाला अवघड जाते. एक्सॉनच्या मतदानानंतर सुमारे महिनाभराने कंपनीच्या एका लॉबिस्टचे गुप्तपणे केलेले चित्रीकरण प्रसारित झाले. कंपनी ज्याचा जाहीर पुरस्कार करत आली तो कार्बन कर (कार्बन उत्सर्जनावरील कर) प्रत्यक्षात येणार नाही आणि ती भूमिका बोलायला सोयीची आहे, असे तो त्यात सांगत होता. ही कंपनीची भूमिका नाही, असे म्हणत मुख्य कार्यकारी अधिकारी डॅरेन वुड्स यांनी माफी मागितली. कंपनीच्या वतीने कोण काय बोलतो याची जबाबदारी संचालक मंडळातील एखाद्या समितीकडे नेमून दिलेली असावी, ही गुंतवणूकदारांची मागणी किती रास्त आहे, ते या प्रसंगावरून लक्षात यावे. मार्च 2022 मध्ये ‘चर्च ऑफ इंग्लंड पेन्शन्स बोर्ड’ या निवृत्तिवेतन निधीसह काही गुंतवणूकदारांनी जबाबदार हवामान लॉबिंगचे जे 14 निकष मांडले, त्यांचा रोखही मंडळाच्या उत्तरदायित्वावर आहे.

प्रश्न : आपल्याकडे असे काही विचारता येते का?
– तेच वाचक

उत्तर : विचारता येते, आणि जरूर विचारा. भारतात लॉबिंगसाठी स्वतंत्र कायदा नाही. मात्र बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23 या आर्थिक वर्षापासून भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबीने बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी व शाश्वतता यांविषयीचा) अहवाल सक्तीचा केला आहे. त्यातील सातवे तत्त्व सार्वजनिक धोरणावर प्रभाव टाकताना पाळायच्या जबाबदारीविषयी आणि पारदर्शकतेविषयी आहे. कंपनी कोणत्या व्यापारी व उद्योग संघटनांची सदस्य आहे, याची दहा नावांपर्यंतची यादी अनिवार्य भागात द्यावी लागते. पण कोणत्या धोरणाबाबत कोणती भूमिका मांडली, कोणत्या मार्गाने मांडली आणि संचालक मंडळाने तिचा आढावा किती वेळा घेतला, हा सर्वांत मोलाचा तपशील ऐच्छिक भागात ठेवलेला आहे. तो सक्तीचा व्हायला हवा, असे मला ठामपणे वाटते, कारण नुसत्या सदस्यत्वाच्या यादीवरून कोळशावरील अधिभाराबाबत किंवा उत्सर्जनाच्या मर्यादांबाबत कंपनीच्या नावाने काय मागितले गेले, हे कळत नाही.

तुम्ही वार्षिक अहवालातील हा भाग उघडून पाहा. ऐच्छिक रकाना कोरा असेल, तर सभेच्या सूचनेत दिलेल्या मुदतीत कंपनी सचिवांना लेखी प्रश्न पाठवा : गेल्या वर्षी या संघटनांनी केंद्र सरकारला व वीज नियामक आयोगांना ऊर्जाविषयक कोणती निवेदने दिली, त्यांपैकी कोणती आपल्या कंपनीला मान्य नव्हती, आणि तसे त्या संघटनांना कळवले होते का?