पावसाळ्यात ग्रिन्यार करताना

अगं, बडोद्यात जुलैमध्ये ग्रिन्यार करायचं, म्हणजे कोरड्या ईथरात मॅग्नेशियम आणि ब्रोमोबेन्झीनपासून फिनाइलमॅग्नेशियम ब्रोमाइड बनवायचं, तर आधी हवेतली ओल सांभाळ; पाण्याने ते लगेच नासतं. काचेची भांडी रात्रभर ओव्हनमध्ये 120 अंशांवर ठेव, गरम असतानाच जोड, कोरड्या नायट्रोजनखाली निवू दे. मॅग्नेशियमवर आयोडीनचा एखादाच कण टाक. तपकिरी रंग जाऊन ईथर गढूळलं, आपोआप उकळू लागलं, की सुरुवात झाली. तोवर ब्रोमोबेन्झीन अगदी थोडंच घाल. घाईने सगळं ओतलंस तर उकळी आवरत नाही. माझं एकदा असंच उतू गेलं होतं. भांडं बाहेरून थंड करायला बर्फाचं पाणी हाताशी हवंच.

आणि वहीत नुसतं ‘फिनाइलमॅग्नेशियम ब्रोमाइड’ लिहून थांबू नकोस. त्याच्या ईथरातल्या स्फटिकात मॅग्नेशियमभोवती फिनाइल (बेन्झीनचं कडं), ब्रोमीन आणि दोन ईथरांचे ऑक्सिजन असे चौघं चतुष्फलकात बसलेले असतात. ईथर इथं नुसतं द्रावक नाही.