मिशन-दौऱ्यात चष्मेवाटप

प्रश्न : आमच्या चर्चची तुकडी आठवडाभर परदेशी सेवेला जातेय. एक दिवस जवळचं वाचायचे तयार चष्मे वाटायचेत. नंबर कसा ठरवायचा?

उत्तर : वयावरून फक्त अंदाज बांधा: ४५ व्या वर्षी साधारण +१.००, साठीत +२.५०. सुरुवात कमी नंबरापासून करा, अर्ध्या-अर्ध्याने वाढवा आणि ४० सेंटिमीटरवरचं बारीक अक्षर वाचता आलं की थांबा. वाचता न येणाऱ्याला सुई-दोरा द्या. दुभाष्याला हे आधी नीट समजावा, कारण ‘दिसतंय का?’ म्हटलं की पाहुण्याचं मन राखायला सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘ओवून दाखवा’ म्हणावं.

नेहमीची चूक म्हणजे जास्त नंबर. अक्षर मोठं दिसतं, माणूस खूश होतो, पण +३.०० ला स्पष्ट दिसण्याचं अंतर जेमतेम ३३ सेंटिमीटर उरतं, म्हणजे शिवण नाकाशी धरायची!

दूरचं धूसर दिसत असेल किंवा बाहुली पांढुरकी असेल, तर चष्मा देऊन बोळवण करू नका, स्थानिक नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. आरोग्य खात्याची परवानगी लागते का, हे यजमान चर्चला आधीच विचारा. आणि प्रार्थनेची जागा वेगळी ठेवा. चष्म्यासाठी प्रार्थना करावी लागते, असं कुणाला वाटायला नको.