म्युनिकला निघाला आहेस म्हणून

पुण्याच्या आपल्या जुन्या टीममधून एवढ्या वर्षांनी तुझा मेसेज आला, बरं वाटलं. तीन गोष्टी विचारल्यास: मुलाखतीसाठी बस प्रोटोकॉल (चिपमधल्या ब्लॉकनी एकमेकांशी बोलायचे नियम) किती वाचू, मुलाच्या शाळेचं काय, आणि तिकडे एकटं वाटतं का. व्हिसाचं सगळं दूतावासाच्या साइटवर आहे, ते सोडतो.

एकटं वाटतं. पहिला हिवाळा जड जातो, मग मंडळाच्या गणपतीत ओळखी होतात. झालं.

प्रोटोकॉलचं सांगतो, ते मला जमतं. आर्म या चिप डिझाइन कंपनीने आम्बा हा बस प्रोटोकॉलचा संच 1996 साली आणला. आजही चिपवरचे ब्लॉक जोडायचे म्हटले की बहुतेक ठिकाणी तेच समोर येतं. टायमर, युआर्ट (सिरियल पोर्ट) असल्या संथ ब्लॉकना त्यातला साधा एपीबी. प्रोसेसर आणि मेमरीच्या वाटेवर वेगवान एएक्सआय. स्पेक, म्हणजे नियमांचा मूळ दस्तऐवज, फुकट मिळतो, पण पाठ करत बसू नकोस. एएक्सआय ते एपीबी ब्रिज, म्हणजे दोघांना जोडणारा ब्लॉक, स्वतः लिही, कुठे अडतं ते आपोआप कळेल. बर्स्टने (एका पत्त्यापासून एका दमात पाठवलेल्या डेटाने) 4 केबीची हद्द का ओलांडायची नाही, हे विचारतात. पलीकडे दुसऱ्याच स्लेव्हचा (मागणीला उत्तर देणाऱ्या ब्लॉकचा) पत्ता सुरू होत असू शकतो, म्हणून.

इथे तिसऱ्याच आठवड्यात माझ्या वाट्याला एक लटकलेलं सिम्युलेशन आलं. मास्टर (मागणी करणारा ब्लॉक) एडब्ल्यूरेडी, म्हणजे ‘पत्ता घ्यायला तयार’, येईपर्यंत डब्ल्यूव्हॅलिड, म्हणजे ‘डेटा मांडला आहे’, देत नव्हता, आणि स्लेव्ह पत्ता आणि डेटा दोन्ही दिसल्याशिवाय रेडी देत नव्हता. दोघे एकमेकांची वाट बघत बसलेले. स्लेव्हला तशी मुभा आहे, मास्टरला नाही. स्पेकमधल्या नेमक्या ओळीवर बोट ठेवलं आणि ऑफिसात माझं नाव झालं.

नावावरून आठवलं. पासपोर्टवर तुझ्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं असेल, तर इथे तेही तुझंच नाव धरतात. मला बाबांच्या नावाने पत्रं येतात. बायकोच्या जन्मदाखल्यावर तिच्या वडिलांचं नाव, पासपोर्टवर माझं. ही तीच बाई, हे पटवायला चार फेऱ्या झाल्या. सगळ्या कागदांवरची नावं तिथेच जुळवून घे.

आता शाळा. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीतच मुलांची वाट ठरते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), 2.66 पर्यंत रेआलशूल (त्याखालची, मधली शाळा). इथे 1 म्हणजे उत्तम. मुलगी तिसरीत आली तेव्हा तिला जर्मनचा एक शब्द येत नव्हता. चौथीत गणितात 1, परिसर अभ्यासात 3, जर्मनमध्ये 4. सरासरी 2.66, म्हणून रेआलशूल. उशिरा जर्मन शिकलेल्या मुलांसाठी सवलत असते, ती शाळेने सांगितली नाही, असं मी वर्षभर भेटेल त्याला ऐकवत होतो. मंडळातही.

मग एकदा फायली आवरताना शाळेचं पत्र सापडलं. सवलतीचं सगळं लिहिलेलं, दीड पान जर्मन. तारीख आमच्या टेपआउटच्या, म्हणजे तयार डिझाइन कारखान्याला पाठवायच्या, आठवड्यातली. पाकीट मीच फोडलं होतं. स्पेकची ओळ न् ओळ वाचणारा माणूस मी.

बायकोला दाखवलं नाही. मुलीच्या रेआलशूलमध्ये मैत्रिणी आहेत, हँडबॉल खेळते, तिची काही तक्रार नाही. कागद माझ्या खणात आहे.

तुझा मुलगा कितवीत आहे, ते लिहिलंच नाहीस.