कात्रणात नोटीस आहे, तारीखच नाही

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलंय की गावावरून विजेची मोठी लाइन जाणारे, महिनाभरापूर्वी पेपरात नोटीस वाचली, मग कलेक्टर, आमदार आणि महापारेषण या सरकारी वीजवाहिनी कंपनीचं ऑफिस अशी तिन्हीकडे निवेदनं दिली, कुणाचं उत्तर नाही, आता काय करू. सिन्नर-दिंडोरीकडून पण हेच विचारतात लोक.

भाऊ, तुम्ही पाठवलेला कात्रणाचा फोटो मी झूम करकरून बघितला. नोटीस अख्खी आहे, कडेला हळदीचा डागसुद्धा दिसतोय, फक्त पेपरची तारीख असते तो वरचा पट्टा कात्रीत गेलाय. आणि तुमची सगळी केस त्या पट्ट्यावर आहे.

वीज कायदा २००३, कलम १५. लाइनसाठी लायसन मागणाऱ्या कंपनीने अर्जानंतर ७ दिवसांत नोटीस छापायची, आणि नोटीस छापल्यापासून ३० दिवसांच्या आत आलेल्या हरकतीच वीज नियामक आयोगाने विचारात घ्यायच्या. आलेल्या म्हणजे आयोगाच्या हातात पडलेल्या, अठ्ठाविसाव्या दिवशी निफाडहून स्पीड पोस्ट केलं आणि बत्तिसाव्या दिवशी पोचलं तर गेलं वाया. तुमची तिन्ही निवेदनं यात धरली जात नाहीत कारण त्यातलं एकही आयोगाला नाहीये. नोटिशीच्या खालीच आयोगाचा पत्ता छापलाय, हरकत घ्यायला निघालात तर तो वाचायला काय हरकत होती?

दिवस शिल्लक असतील तर आजच लिहा, नोटिशीत जी पद्धत दिलीय तशीच, कंपनीला प्रत द्या आणि पोच घ्या. 'माझी बाग वाचवा' एवढंच लिहू नका, टॉवर कुठल्या गटात बसवायचा हे आयोग सहसा ठरवत बसत नाही. ही लाइन लागतेच का, जुन्या लाइनचे कंडक्टर, म्हणजे वीज वाहणाऱ्या तारा, बदलून भागतं का, खर्च शेवटी ग्राहकाच्या बिलात येणार त्याचं काय, हे विचारा. मांडवाच्या लोखंडी तारांत इंडक्शनने, म्हणजे वरच्या लाइनला न चिकटताही, करंट येतो तो मुद्दा पण घाला, पण तो एकटा नको.

तीस दिवस उलटले असतील तर लायसन देण्याआधी आयोग स्वतः दोन पेपरांत नोटीस काढतो, त्यावरही सूचना-हरकती घेतात, ती मुदत त्या नोटिशीत असते, ती चुकवू नका. ऑर्डर झाली तर दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणात ४५ दिवसांत अपील, पण कुठंच हरकत न घेता तिथं गेलात तर किती ऐकतील याची मी खात्री देत नाही.

मोबदल्याचं खातं वेगळं. केंद्राच्या जून २०२४ च्या सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के म्हटलंय, तुमच्या लाइनला तेच लागतील का ते कागद बघूनच सांगता येईल. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज, म्हणजे नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टात, आणि तिथं वर्षं कशी जातात ते तुम्हाला मी काय सांगू.

आधी ती तारीख शोधा. घरच्या रद्दीत बघा, नाहीतर सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन जुने अंक मिळतात का विचारा, कंपनीच्या वेबसाइटवर पण नोटीस असते बऱ्याचदा. सापडली की फोटो पाठवा, या वेळी अख्ख्या पानाचा.