मलपृष्ठावरचा फोटो

अगं, पहिल्या पुस्तकावर कोणता फोटो देऊ आणि अर्धवट राहिलेल्या कथांचं काय करू, असं विचारलंस ना? कॉलेजातला फोटो नको देऊस. कॅमेऱ्यासमोर मीही आक्रसून जायचे, म्हणून सांगते. सकाळी खिडकीपाशी बस, ट्यूबलाइट बंद कर, मोबाइल बहिणीच्या हाती दे. मेथी निवडत तिच्याशी बोलताना काढू दे तिला ४० फोटो. एखाद्यात तू नक्की सापडशील. छपाईला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) लागतं, म्हणजे २ इंच रुंदीला ६०० पिक्सेल. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर फोटोचा दर्जा उतरतो.

आणि त्या अर्धवट कथा? दिवाळी अंकाची आधी संपव, तिला तारीख आहे. माझी एक दीर्घकथा शेवटच्या ४ पानांसाठी ३ वर्षं कपाटात पडून होती. रोज अर्धं पान लिहायला बसले, आठ दिवसांत हातावेगळी झाली.